पालथी होडी

आमच्या भांगरवाडीच्या अंगणात एक होडी दोन पावसाळे पालथी पडून होती. शेजारची एक कोंबडी नेमानं तिच्याखाली जाऊन अंडं घालायची. होडी मीच बांधलेली. लांबी आठ फूट, रुंदी चार फुटांना चार बोटं कमी, वजन दोघांनी उचलावं इतकं. लोणावळा समुद्रापासून दोन हजार फूट उंचावर. इथली माणसं चिक्कीचा पाक बांधतात, पावसाआधी ओसरीला ताडपत्री बांधतात, मुंबईकरांचे बंगले बांधतात. होडी कुणी बांधत नाही. समोरचे अण्णा सकाळी दुधाला जाताना फाटकाशी थांबायचे, होडीकडे बघून "बाजारात तुरी..." एवढंच म्हणायचे आणि पुढचं माझ्यावर सोडून चालू लागायचे. पाणी कुठाय, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त होता. मावळात पाणी कसं आलं ते सांगतोच, पण पाण्याच्या आधी लाकूड आलं, आणि ते फार आधी आलं.

माझा धंदा लाकडाचाच. पिंपरी-चिंचवडच्या एका फाउंड्रीत मी चौतीस वर्षं पॅटर्नमेकर होतो. म्हणजे जी वस्तू लोखंडात ओतायची तिचं आधी लाकडी रूप करायचं. मोल्डर ते वाळूत दाबतो, हलक्या हातानं काढून घेतो आणि राहिलेल्या पोकळीत रस ओततो. ओतीव लोखंड निवताना आक्रसतं, फुटामागं साधारण एक सूत. म्हणून पॅटर्नमेकरची फूटपट्टी मुळातच खोटी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एका सुतानं मोठा. या पट्टीनं पुढं माझा घात केला, ते नंतर.

लोणावळ्याहून पुण्याकडे लोकल निघाली की मळवलीला उजव्या हाताला लोहगड-विसापूर आणि डाव्या हाताला कार्ल्याचा डोंगर. पहिल्या पाळीला जाताना तो अंधारात असायचा, परत येताना उन्हात. तिथल्या लेण्यातल्या चैत्यगृहात मी लहानपणापासून जात आलो, पण मान वर करून नीट पाहिलं ते पॅटर्न शॉपला लागल्यावर. जवळजवळ सव्वाशे फूट लांब आणि पंचेचाळीस फूट उंच अशी ती पोकळी, वर कमानदार छत आणि छताला ओळीनं लावलेल्या सागवानी फासळ्या. लेणं दोन हजार वर्षांचं. फासळ्याही मूळच्याच. त्या पेलत काहीच नाहीत. वर अख्खा डोंगर आहे, त्याला सागाच्या फासळ्यांचा काय आधार? पण त्याआधीचे चैत्य लाकडी असत, त्यांना फासळ्या लागत, आणि डोळ्यांना सवय झालेली गोष्ट कारागिराच्या हातून सहजी सुटत नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर कार्ल्याचं लेणं म्हणजे लाकडी पॅटर्नवरून दगडात काढलेलं कास्टिंग, फक्त पॅटर्नचा थोडा भाग साच्यातच राहून गेलेला.

या लेण्यात एक शिलालेख आहे. तो पहिल्यांदा मला कुणी वाचून दाखवला तेव्हा अंगावर काटा आला होता. धेनुकाकट गावचा सामी, वेणुवासाचा मुलगा, यानं लेण्याचं दार केलं, असा त्याचा अर्थ. आणि हा सामी कोण, तर 'वढकी'. म्हणजे सुतार, आपल्याकडं वाढई म्हणतात तोच शब्द. राजे, सावकार, यवन व्यापारी यांच्या नावांच्या गर्दीत एका सुतारानं आपलं आणि बापाचं नाव कोरून घेतलंय. चौतीस वर्षांत मी केलेल्या एकाही पॅटर्नवर माझं नाव नाही. नंबर असायचा.

होडीचं खूळ डोक्यात घातलं ते आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त नौसैनिकानं. हे गृहस्थ नेव्हीत आर्टिफिसर होते, म्हणजे तांत्रिक कामाचे जाणकार. एका चैत्रात एकवीरेला गेलो होतो, दर्शनाची रांग लांबली म्हणून चैत्यात जाऊन बसलो. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "अहो, ही तर पालथी होडी आहे." त्या क्षणापासून मला ते छत दुसरं काही म्हणून दिसलेलंच नाही. कोकणातल्या होडीत तळाला पठाण, म्हणजे कणा, असतो. त्यातून दोन्हीकडं वांक, म्हणजे फासळ्या, निघतात, त्यांवर फळ्या चढतात, पुढं नाळ. कार्ल्याला पठाण तेवढं नाही, वांक मोजून घ्या.

आणि बघा, लेण्याला खेटून देऊळ कुणाचं, तर एकवीरेचं. चैत्र शुद्ध सप्तमीला पालखी. मुंबई, ठाणे, रायगडचे आगरी-कोळी बस, टेम्पो भरभरून येतात, बँड वाजतो, कोंबडी-बकऱ्यांचा नवस फिटतो. वर्षभर खाऱ्या पाण्यात जाळी टाकणारी ही माणसं कौल लावायला घाट चढून वर येतात. किनाऱ्यावर मासळीच्या बंदरात उभं राहिलात तर दर चार-सहा होड्यांत एकीवर तरी 'आई एकवीरा' रंगवलेलं सापडेल. समुद्रावरच्या लोकांची देवी डोंगरात कशी, याचं मला एक साधं उत्तर सुचतं: वाट. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांतला माल बोरघाटानं वर चढायचा तो याच लेण्यांच्या पायथ्यावरून. कार्ल्याच्या खांबांवर सोपाऱ्याच्या एका भिक्षूचंही दान कोरलेलं आहे. जहाजातून उतरलेला माणूस दोन-तीन दिवसांत इथं पोचत असणार. होडी घाटाखाली ठेवून तो वर येई, होडीची आठवण मात्र सोबत येई.

आरमाराचं नातं तर आणखी जवळचं. मावळच्या डोंगरावरून पाणी एका बाजूला कोकणात कोसळतं. ऐन, किंजळ, जांभूळ, फणस असली होडीला चालणारी झाडं घाटउतारावर पहिल्यापासून. शिवकालीन आरमार कल्याण-भिवंडीला आकाराला आलं तेव्हा लाकूड लागलं ते सह्याद्रीचंच. पुढं रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं तोडावं याची जी ताकीद आहे ती माझ्या मते प्रत्येक सुतारानं कामाच्या जागी लावून ठेवावी. साग वगैरे रानातली झाडं परवानगीनं तोडावीत. आंबा-फणस आरमाराच्या उपयोगाचे खरे, पण त्यांना हात लावू नये, कारण ती झाडं दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरासारखी वाढवलेली असतात. जीर्ण झालेलं एखादं झाड घ्यायचंच तर मालकाला राजी करून, पैसे मोजून घ्यावं. लढाऊ जहाजं बांधायची घाई असताना हे कुणाला तरी सुचलं, आणि त्यानं ते लिहून ठेवलं.

१७१३ मध्ये तर समुद्राचा सरखेलच घाट चढून आला. कान्होजी आंग्र्यांनी लोहगड, राजमाची घेतले, चालून आलेल्या बहिरोपंत पिंगळे पेशव्यांना कैद केलं. शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाई देऊन पाठवलं आणि त्यांनी लढाई न करता लोणावळ्याच्या परिसरात बोलणी करून कान्होजींना शाहूंच्या पक्षात आणलं. मराठी आरमाराचं पुढच्या काळाचं दैव ठरलं ते गलबतावर नव्हे, आमच्या या धुक्यात.

एवढं सगळं असून मावळात होडी नव्हती. नद्या होत्या, इंद्रायणी, पवना, आंद्रा. पण पावसाळ्यात त्या रोंरावत धावायच्या आणि होळीनंतर गुडघाभर उरायच्या. पुरात पलीकडं जाणारा पट्टीचा पोहणारा असायचा, नाहीतर भोपळे कमरेला बांधलेला. मावळात पाण्यावर तरलेली सगळ्यात नावाजलेली वस्तू कोणती असं विचाराल, तर वारकरी घरातला मी तुकोबांची गाथा असंच सांगणार. तीही देहूच्या डोहात, आणि कागदाची.

मग साचलेलं पाणी आलं. ते रेल्वेनं आणलं. बोरघाटाची चढण १८६३ मध्ये खुली झाली, आणि घाट चढून आलेल्या इंजिनांना पाणी पाजायला काही तरी सोय हवी, म्हणून भुशीचं धरण झालं. शनिवार-रविवारी हजारो माणसं ज्या पायऱ्यांवर भिजत भजी खातात, ते धरण कोळशाच्या इंजिनांची तहान भागवायला बांधलेलं आहे, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? त्यानंतर टाटा. जमशेटजी टाटा १९०४ मध्ये वारले, पण सह्याद्रीचा पाऊस अडवून मुंबईला वीज द्यायची त्यांची कल्पना १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजघरात उतरली. त्यासाठी लोणावळा, वळवण, शिरोटा ही पाण्याची साठवण झाली. १९२२ मध्ये आंद्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आलं, त्याचं पाणी भिवपुरीच्या वीजघराला.

या योजनेत पाण्याची दिशाच फिरली. एरवी लोणावळ्यात पडलेला थेंब इंद्रायणीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत, असा अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला जाणार. आता तोच थेंब नळात शिरतो, सतराशे फूट खाली खोपोलीला चाक फिरवतो आणि पाताळगंगेतून अरबी समुद्राला मिळतो. जन्मभराची वाट काही तासांवर आली. लहानपणी आजोबांबरोबर खंडाळ्याच्या कड्यावर जायचो तेव्हा ते डोंगरावरून खाली उतरणारे जाड नळ दाखवायचे आणि म्हणायचे, "आपली नदी बघ कशी उलटी चाललीय."

तळी बघायला सुंदर, पण तळं हा शब्द तोंडी आला की मी जरा अडखळतो. त्याच्या तळाशी खाचरं आहेत. शेजारच्या मुळशी पेट्यात १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांनी शेतकऱ्यांसाठी सत्याग्रह केला, तो याच तऱ्हेच्या धरणाविरुद्ध. धरण झालंच. पन्नास वर्षांनी, १९७२ च्या सुमाराला, पवनेचं धरण भरलं आणि तुंग, तिकोना, लोहगड यांच्या मधली भाताची खोरी पाण्याखाली गेली. वाघेश्वराचं जुनं देऊळ पाण्यात बुडालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते काही आठवडे उघडं पडतं आणि माणसं ओल्या चिखलातून दर्शनाला जातात. तेच पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. आमच्या फाउंड्रीच्या नळाला तेच यायचं.

तर अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर असं: मावळात होडीपुरतं पाणी येऊन साधारण दीडशे वर्षं झाली, आणि ते कुणाच्या हौसेसाठी आलेलं नाही.

होडीची विद्या मात्र त्या दरम्यान डोंगरावर येऊन बसली होती. १५ फेब्रुवारी १९४५ ला लोणावळ्यात नौदलाचं 'शिवाजी' सुरू झालं, तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. जहाजांची इंजिनं चालवणारे, दुरुस्त करणारे नौसैनिक आणि अधिकारी इथं तयार होतात. नौदलाच्या रिवाजात किनाऱ्यावरच्या ठाण्यालाही जहाजच म्हणतात, त्यामुळे आमच्याकडे एक जहाज ऐंशी वर्षं डोंगरावर उभं आहे. न बुडणारं. गावात साधं 'नेव्ही' म्हणतात. या नेव्हीमुळे लोणावळ्यात निवृत्त होऊन राहिलेले लोक बरेच, आणि त्यांच्या कपाटांत चमत्कारिक पुस्तकं असतात. आर्टिफिसर शेजाऱ्यांनी मला दिलेलं पुस्तक म्हणजे प्लायवूडच्या लहान होड्यांचे नकाशे होते. पिवळी पडलेली पानं, मापं फूट-इंचांत. मी ते रात्रभर वाचलं. इंग्रजी अर्धवट कळलं, नकाशे पूर्ण कळले.

घरच्या अंगणात होडी बांधायचा छंद तसा नवा. जुन्या रीतीची होडी बांधायला जाड फळ्या, वाकवलेले वांक आणि बापाकडून मुलाकडं आलेला हात लागतो. दुसऱ्या महायुद्धात पाण्याला दाद न देणारे डिंक आणि चांगलं प्लायवूड निघालं आणि युद्ध संपल्यावर ते बाजारात आलं, तेव्हा कारकून आणि शाळामास्तरही होडी बांधू लागले. अमेरिकेत फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये पोरांसाठी एक चौकोनी तोंडाची होडी आखली, आठ बाय चारच्या दोन प्लायमध्ये बसणारी. तिचं नाव ऑप्टिमिस्ट. आज जगभरची मुलं शीड धरायला तिच्यावरच शिकतात. १९६३ मध्ये इंग्लंडात जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी मिरर नावाची होडी काढली. एका वर्तमानपत्रानं ती पुरस्कृत केली, किंमत त्रेसष्ट पौंड अकरा शिलिंग. कापलेले तुकडे खोक्यातून घरी यायचे, ते तांब्याच्या तारेनं शिवायचे आणि आतून काचकापडाची (फायबरग्लासची) पट्टी राळेनं चिकटवायची. अशा सत्तर हजारांवर होड्या तयार झाल्या. शिडं लाल, कारण त्या वर्तमानपत्राचा रंग लाल. जाहिरात अशी असावी.

आपल्याकडं हे पोचलं नाही. तेव्हाच्या परवाना-काळात आयात प्लाय आणि राळ हौसेसाठी कोण आणू देणार? पण मिरर निघाली त्याच सुमाराला मुंबईत कुलाब्याला एक होडी जुन्या पद्धतीनं बांधली जात होती. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण दर्यावर्दीची 'सुहेली', बत्तीस फूट, सागवानाची. मुंबईच्या सुतारांनी ती वाकसानं तासली. १९६८ मध्ये एकट्यानं न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत लागली तेव्हा नऊ जण निघाले, पुरी केली एकट्या सुहेलीनं, ३१२ दिवसांत. ज्यांनी तिच्या फळ्या बसवल्या त्यांची नावं कुठल्या शिलालेखात नाहीत. सामी वढकी दोन हजार वर्षांपूर्वी या बाबतीत पुढं होता.

आणि मग माझ्या पिढीला बघायला मिळाली ती 'म्हादेई'. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्त होऊन फलटणजवळ विंचुर्णीला राहत. तो सगळा कोरडा मुलूख. तिथं बसून त्यांनी ध्यास घेतला की भारतीय माणसानं भारतात बांधलेल्या होडीतून एकट्यानं पृथ्वीला फेरी मारावी. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात छप्पन्न फुटी होडी झाली; लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून, वर काचकापड आणि राळ. दिलीप दोंदे बांधकामापासून तिच्यासोबत होते आणि २००९-१० मध्ये तेच तिला घेऊन जगाला फेरी मारून आले. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी तीच होडी घेऊन कुठंही न थांबता फिरून आले. त्या बातम्या मी कँटीनमध्ये वाचल्या. पट्ट्या, राळ, काचकापड, हे वाचून वाटलं, हे तर आपल्या खात्यातलं काम आहे. आम्हीही मोठे पॅटर्न असेच थर चिकटवून करायचो.

निवृत्त झालो आणि लागलो. पहिली अडचण प्लायची. पाण्यात टिकणाऱ्या प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असतो आणि त्या मानकाप्रमाणे तुकडा बहात्तर तास उकळला तरी थर सुटता कामा नयेत. एका दुकानातून शिक्क्याची पाटी आणली, कोपऱ्याचा तुकडा कापला आणि परसात जुन्या पातेल्यात उकळत ठेवला. बायको म्हणाली, "मीठ घातलंत का?" चौथ्या तासाला तुकड्याचे खाज्यासारखे पापुद्रे झाले. पाटी परत केली, दुकानदारानं माझ्याकडं असं पाहिलं की पातेल्याची गोष्ट त्याला सांगायलाच नको होती. दुसरीकडून आणलेला तुकडा तीन दिवस, तीन रात्री उकळला. गॅस परवडेना म्हणून चुलीवर. तो तसाच्या तसा राहिला.

काठाला लावायची सागाची पट्टी वाफेवर वाकवायची म्हणून रॉकेलच्या डब्यातून वाफ काढून प्लंबरच्या पीव्हीसी नळात सोडली. इंचभर जाडीला तासभर वाफ, असा हिशेब. अर्ध्या तासात पट्टी होती तशीच राहिली, नळ मात्र शिजलेल्या शेवग्यासारखा लोंबू लागला. शेवटी पट्टीच्या दोन पातळ चिपा केल्या आणि चिकटवल्या. ऑगस्टमध्ये राळेचा पहिला हात दिला. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस; दमट हवेत राळेवर मेणचट थर येतो, तो साध्या पाण्यानं धुवायचा असतो. पुस्तकात लिहिलं होतं, त्या पानावर मी चहाचा कप ठेवला होता. दुसरा हात दिवाळीत सायीसारखा सोलून निघाला.

पण खरी मजा टाके घालण्यात. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणली. प्लायच्या कडांना दोन-दोन मिलिमीटरची भोकं, बोटभर अंतरावर. तळाची पाटी आणि बाजूची पाटी एकमेकींशी शिवायच्या, आधी सैल. होडी तेव्हा होडी नसते, वाळत घातलेल्या गोधडीसारखी लुळी असते. मग पकडीनं एकेक टाका पिळत जायचं, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. पंधरा-वीस टाके पिळून झाले की एकाएकी सपाट पाट्या गोल होतात, पोट धरतात. लाकडाचा आवाज बदलतो. टिचकी मारली की आधी 'फट्' वाजायचं ते 'टण्' वाजू लागतं. आतून सांध्यात राळ आणि सागाचा भुसा कालवून भरला, वर काचकापडाची पट्टी, आणि मग तारा कापून काढल्या. वांक लागतच नाहीत. ताणलेली कातडीच सगळं पेलते. तरी मी मध्ये एक वांक बसवला. गरज नव्हती. कार्ल्याच्या माणसालाही नव्हती.

शिवून होडी बांधायची ही रीत मी युरोपातली समजत होतो. ती आपलीच जुनी. अरबी समुद्रात खिळ्याशिवाय, काथ्यानं शिवलेली जहाजं शतकानुशतकं फिरली. अजिंठ्याच्या भिंतीवर पाचव्या शतकातलं एक जहाज रंगवलेलं आहे. त्याच्यावरून गोव्यातच केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी एक अख्खं जहाज काथ्यानं शिवलं, आणि २१ मे २०२५ ला कारवारला 'कौंडिण्य' या नावानं ते नौदलात दाखल झालं. लेण्यातलं चित्र पाण्यात उतरलं. माझे आर्टिफिसर शेजारी हे बघायला नव्हते. त्यांना आवडलं असतं.

आता पट्टीचं. डावी बाजू मी सकाळी आखली, साध्या फूटपट्टीनं. उजवी संध्याकाळी आखली, दिवे गेले होते, आणि हात चौतीस वर्षांच्या सवयीनं ज्या पट्टीकडं गेला ती माझी धंद्याची. फुटाला एक सूत, आठ फुटांना आठ सूत, म्हणजे पुरा इंच. उजवी बाजू इंचानं लांब. टाके पिळताना होडी थोडी केळ्यासारखी वळतेय हे दिसत होतं. मला वाटलं, घट्ट होताना जागेवर येईल. कुणाला सांगितलं नाही. म्हणून तर दोन पावसाळे ती पालथी होती. पालथ्या होडीचं वाकडेपण चटकन दिसत नाही.

शेवटी तिला नेलं पवनेला. माझ्याच फाउंड्रीतला एक मोल्डर तिथला. त्याच्या बापाची जमीन धरणात गेली. निवृत्त होऊन तो परत काठावर राहायला आला आहे, त्याच्याकडं मासेमारीचा परवाना आहे. 'छोटा हत्ती' टेम्पोवर होडी बांधून दुधिवरे खिंडीतून उतरलो. अण्णा बरोबर आले, पुढं ड्रायव्हरशेजारी बसून. मे महिना, पाणी खूप खाली गेलेलं, काठाला भेगाळलेली जमीन. मोल्डरनं होडीभोवती एक फेरी मारली, मुठीनं तळ ठोकला, नारळ फोडला, अर्धा पाण्यात टाकला आणि आम्ही दोघं बसलो. लाइफ जॅकेट घातलं. अण्णा काठावरच राहिले.

होडीत पाणी आलं नाही. एक थेंबही नाही. मी तळाकडेच बघत होतो, तो वल्हवत होता. बऱ्याच आत गेल्यावर त्यानं वल्ही वर घेतली आणि पाण्याकडे हनुवटी केली. "हितं आमची विहीर. तिकडं, ती काठी दिसतीय ना जाळ्याची, तिथं खळं." पाणी हिरवं होतं, खाली काही दिसलं नाही. तो थोडा वेळ गप्प बसला आणि पुन्हा वल्ही मारू लागला.

परत फिरलो तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तो दोन्ही हात सारखे मारत होता आणि होडी सारखी डावीकडं जात होती. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा होडीच्या दोन्ही काठांवरून नजर फिरवली. मोल्डरची नजर, सुटणार थोडीच. मग मला पट्टीचं सांगावं लागलं. तो हसला नाही. उजवं वल्हं जरा सैल धरून डावं जोरानं मारत म्हणाला, "असू दे. निवली की येईल मापात."